‘उमर झाली’ हे निदान नव्हे

गुडघे दुखतात असं सांगणाऱ्या बाईला आपल्या मोहल्ल्यात तीन उत्तरं मिळतात. घरचे म्हणतात, उमर झाली. शेजारीण म्हणते, बादी झाली, वांगं आणि चण्याची डाळ बंद कर. डॉक्टर म्हणतात, वजन कमी करा. ही तिन्ही उत्तरं ऐकून बाई घरी येते, पांढऱ्या गोळ्यांची एक पट्टी पर्समध्ये ठेवते आणि पुढची दहा वर्षं तशीच काढते. मालेगावात दवाखाना चालवताना माझ्यासमोर रोज अशा बायका येतात. बहुतेकींची मूळ तक्रार गुडघ्यांची नसतेच. साखर तपासायला, ताप आला म्हणून किंवा सुनेला दाखवायला त्या आलेल्या असतात. उठताना टेबलाचा आधार घेत ‘या अल्लाह’ म्हणतात, तेव्हा मी विचारते. मग कळतं की पाच-सहा वर्षं झाली, जिना उतरताना त्या एकेक पायरी, लहान मुलासारख्या, दोन्ही पाय टेकवत उतरतात.

उपचार घ्या, म्हातारपण सोडलं तर अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याचा इलाजही पाठवला आहे, या आशयाची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आपण काय केलं, तर सांध्यांचं सगळं दुखणं उचलून त्या एका अपवादात टाकलं. पस्तिशीतल्या बाईचं मनगट सुजलं तरी उमर, आणि बाळंतपणानंतर कंबर धरली तरी उमर. पुरुषाचा गुडघा दुखला तर निदान एक्स-रे तरी निघतो, कारण त्याच्या पायांवर रोजगार उभा असतो. बाईच्या पायांवर घर उभं असतं, पण तिची पगारी रजा कुठे कापली जात नाही, म्हणून ते दुखणं हिशेबात येत नाही.

‘संधिवात’ हा आपल्याकडचा एकच मोठा गाठोडं-शब्द आहे. त्यात निदान सात-आठ वेगवेगळे आजार कोंबलेले असतात. काही झिजेचे, काही सुजेचे, काही जंतूंचे, काही नुसत्या कमतरतेचे. त्यांचे इलाज वेगळे, काही वेळा एकमेकांच्या उलट. गंमत म्हणजे ज्या युनानी परंपरेचं नाव घेऊन आज पुड्या विकल्या जातात, त्या परंपरेतल्या जुन्या हकीमांना हा फरक पक्का माहीत होता. सांधेदुखीला वज-उल-मफासिल, अंगठ्याच्या दुखण्याला निक्रिस, कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेला इर्क-उन-निसा अशी त्यांची निराळी नावं होती. निक्रिसवर ते सुरंजान देत. त्याच जातीच्या वनस्पतीतून निघणारं कोल्चिसिन आजही त्याच आजारावर दिलं जातं. नावं वेगळी ठेवली म्हणून त्यांना औषध सापडलं. आपण सगळ्याला ‘बादी’ म्हणतो आणि मग औषध लागू पडत नाही म्हणून नशिबाला बोल लावतो.

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा विरळ होते, आसपासचं हाड वाढतं, स्नायू दुबळे पडतात. चालायला लागलं की दुखतं, बसलं की बरं वाटतं, सकाळचा ताठरपणा थोड्या वेळात सुटतो. वयाने हा वाढतो हे खरं, पण वय हे एकच कारण नाही. वजन, जुनी इजा, घराण्याची ठेवण, पाळी जाण्याच्या सुमारास होणारे बदल आणि वर्षानुवर्षं एकाच सांध्यावर पडणारा भार, असं सगळं मिळून तो होतो. बीजिंगमधल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं होतं की तिथल्या वयस्क स्त्रिया अमेरिकी स्त्रियांपेक्षा सडपातळ असूनही त्यांच्यात गुडघ्यांची झीज जास्त होती. आणि ज्यांनी तरुणपणी रोज कित्येक तास उकिडवं बसून काढले, त्यांच्यात धोका वाढलेला होता. आपल्याकडच्या बाईला हे सांगायला बीजिंगला जावं लागत नाही. भांडी मोरीत उकिडवं बसून, कपडे उकिडवं बसून, फरशी उकिडवं सरकत, शौचालय तर तसंच. यंत्रमागाच्या गावात घरोघरी बायका कांड्या भरतात, सोलापूर-सिन्नरकडे सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. आठ-दहा तास मांडी मोडलेली, मान खाली, बोटं चालू. वर दोन खोल्यांच्या घरात शिडीसारखा उभा जिना, आणि पाणी खालच्या नळावरून वर न्यायचं.

इथे ‘वजन कमी करा’ या उत्तराविषयी बोललं पाहिजे. सल्ला चुकीचा नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्थूल आणि झीज झालेल्या रुग्णांचं एक किलो वजन कमी झालं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो असं आढळलं. म्हणजे पाच किलो कमी झाले तर प्रत्येक पावलाला वीस किलोंची सुटका. पण हा सल्ला देणारा कधी विचारतो का, की ही बाई चालणार कुठे? आमच्या गल्लीत एका बाजूला गटार, एका बाजूला मोटरसायकली, मधे लूमचा माल भरलेला टेम्पो. बाग असली तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे बुरख्यातली बाई चालायला लागली की बाकावरची पोरं वळून बघतात. घरातही प्रश्न तयार असतो, सकाळी सकाळी कुठे निघालीस? आणि जेवण? सर्वांचं झाल्यावर उरलेला भात आणि रस्सा. वजन कमी करणं हा तिचा एकटीचा निर्धार मानला, तर ती हरणारच.

त्यातही एक गोष्ट चार भिंतींत करता येते आणि ती मी प्रत्येकीला करून दाखवते. खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू आवळून दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. दिवसातून दोन-तीन वेळा, दहा-दहा वेळा, काही महिने. मांडीचा स्नायू भक्कम झाला की गुडघ्याचं दुखणं खरोखर कमी होतं. गोळीपेक्षा हे स्वस्त आहे आणि मूत्रपिंडाला धोका नाही. हे ऐकून बायका माझ्याकडे जरा संशयानेच बघतात, कारण यात लिहून देण्यासारखं काही नसतं. काठी वापरायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हेही फार थोड्यांना माहीत असतं. पायाचं सूप प्यायलं की गुडघ्यात ‘ग्रीस’ भरतं, ही समजूत मात्र सर्वांना माहीत असते. पाया जरूर खावा, चवीसाठी. पोटात गेलेलं जिलेटिन इतर प्रथिनांसारखं पचतं, ते थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही.

झिजेचा आजार माणसाला हळूहळू अडवतो. दुसरा एक आजार आहे, जो वेळेत ओळखला नाही तर काही वर्षांत हात वाकडे करतो. माझ्या मते आपल्या समाजात सगळ्यात जास्त नुकसान त्याच्या उशिरामुळे होतं. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हातांच्या बोटांचे मधले आणि मुळाजवळचे सांधे, मनगटं, पावलं, तीही दोन्ही बाजूंना सारखी सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो आणि ऐन उमेदीत होऊ शकतो. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शंभरातल्या सुमारे अठरा जणांना हाडा-स्नायू-सांध्यांची तक्रार होती, आणि ऱ्हुमॅटॉइड दर हजारी पाचच्या आसपास होता. हजारात पाच ऐकायला थोडे वाटतात. लाखांच्या वस्तीत ते काही शेकडे होतात. प्रत्येक मोहल्ल्यात कुणीतरी असणारच. ती कुठे असते? पडद्याआड, बोटं ओढणीत लपवून.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. चोविसाव्या वर्षी तिची बोटं सुजली. रिश्ता ठरत आला होता. घरच्यांनी ठरवलं की आत्ता तपासण्या नकोत, बोभाटा होईल. कुणाच्या तरी सांगण्यावरून एक पुडी सुरू झाली. आठ दिवसांत सूज गेली, चेहरा भरला, सगळे म्हणाले काय छान दिसते. निकाह झाला. दोन वर्षांनी बाळंतपण झालं, आणि बाळंतपणानंतर हा आजार नेहमी जसा उसळतो तसा उसळला. ती माझ्याकडे आली तेव्हा बाळाच्या दुपट्याची गाठ तिला मारता येत नव्हती. मनगटाच्या एक्स-रेत हाडं खाल्लेली दिसत होती. सासरचे म्हणत होते, फसवलं. माहेरचे म्हणत होते, तेव्हा तर ठीक होती. मुलीला कुणी काही विचारत नव्हतं.

या आजारात सांध्यांची मोडतोड पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते, आणि औषधाचा फायदाही त्याच काळात सगळ्यात जास्त. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. जुनं आहे, महाग नाही, आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून हा एक वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. गर्भ राहण्याच्या आधी काही महिने ते बंद करावं लागतं. पण गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं आहेत. म्हणजे या आजारात लग्न होतं, मुलं होतात, संसार होतो, फक्त डॉक्टरला आधी सांगावं लागतं. लपवालपवी झाली की यातलं काहीच जमत नाही. रिश्त्याच्या नावाखाली मुलीची बोटं गमावण्याचा हा सौदा आपण कधी थांबवणार, हा प्रश्न मला हुंड्याच्या प्रश्नाएवढाच मोठा वाटतो.

त्या पुडीत काय असतं? बहुतेक वेळा स्टिरॉइड. स्टिरॉइड हे औषध वाईट नाही, योग्य मात्रेत, ठरावीक दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली ते प्राण वाचवतं. पण नाव-गाव नसलेल्या कागदाच्या पुडीतून महिनोन्महिने ते पोटात गेलं की चेहरा गोल होतो, साखर चढते, रक्तदाब चढतो, हाडं पोकळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून चाळिशीच्या आत खुबा बदलण्याची वेळ येते. आणि अचानक बंद केलं तर माणूस कोसळतो, म्हणून पुडी थांबवायचीही डॉक्टरला विचारूनच. यावर बोलले की काही जण म्हणतात, डॉक्टरबाई युनानीच्या विरोधात आहेत. मी नाही. शिकलेला, नोंदणीकृत हकीम कागदावर औषधाचं नाव लिहून देतो. जो नाव सांगत नाही, त्याच्याकडून घेऊ नका, एवढंच. हिजामाचंही तसंच. थोडा आराम पडत असेल तर पडो. ब्लेड दर माणशी नवं आहे का हे बघा, कारण हिपॅटायटिस रक्तातून पसरतो. आणि सुजलेल्या सांध्यांचा इलाज त्यापायी लांबवू नका.

आता एक नाजूक विषय. ‘ड’ जीवनसत्त्वाचा. याची कमतरता असली की हाडं मऊ पडतात. दुखणं नेमकं सांध्यात नसतं. मांड्यांत, बरगड्यांत, ओटीपोटाच्या हाडांत खोल ठणका असतो. जमिनीवरून उठता येत नाही, चाल बदकासारखी डुलती होते. लागोपाठ बाळंतपणं, अंगावर पाजणं आणि आहारात दूध-दही कमी, असं असलं की आणखी बिघडतं. हे जीवनसत्त्व मुख्यतः कातडीवर ऊन पडून तयार होतं. काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण लागणारे किरण काच अडवते. हे सांगितलं की दोन्हीकडची माणसं सरसावून बसतात. बाहेरचे म्हणतात, बघा, बुरखा. आतले म्हणतात, बघा, पुन्हा बुरख्यावर आल्या.

मला दोघांचाही कंटाळा आहे. भारतात ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता सर्व धर्मांत, सर्व थरांत, शहरातल्या कचेरीत बसणाऱ्या पुरुषांतही भरपूर आढळते. पूर्ण अंग झाकणाऱ्या पोशाखाने धोका वाढतो, हेही वैद्यकीय सत्य आहे आणि ते सांगायला लाजायचं कारण नाही. पण बाई बुरखा घालते ती बाहेर जाताना, घरात नाही. मग घरात तिला ऊन का मिळत नाही? कारण घराला ऊनच नाही. भिंतीला भिंत लागलेली, खिडकी समोरच्याच्या खिडकीत उघडते, वर पत्र्याचं छत आणि खाली मोरी. गच्ची असलीच तर ती मालकाची किंवा तिथे कापडाचे गठ्ठे. बुरखा घालावा की नाही हे जिचं तिने ठरवावं. पण हात आणि चेहरा उघडा ठेवून दुपारच्या आधी-नंतर थोडा वेळ उन्हात बसता येईल अशी पडद्याची जागा प्रत्येक वस्तीत असावी, ही मागणी बुरखा घालणारी आणि न घालणारी दोघी एकत्र येऊन करू शकतात. तोवर औषध आहे. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, आणि बरोबर कॅल्शियम. तीही डॉक्टरने सांगितली तितकीच. रोज एक खाऊन रक्तातलं कॅल्शियम वाढवून घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

२००६ हे साल मालेगावबाहेर सप्टेंबरातल्या बॉम्बस्फोटांसाठी लक्षात आहे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला इथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, ती फारशी कुणाला आठवत नाही. मात्र इथल्या कित्येक घोट्यांना आणि मनगटांना ती आठवते. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. दुखण्याने माणूस वाकून जातो, त्यावरून तो आला. ताप आठवड्यात जातो, पण सांधे काही जणांचे महिनोन्महिने, कधी वर्षंही धरून राहतात. हा आजार पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. आणि ज्या गावात नळ दोन-तीन दिवसांआड येतो, तिथे प्रत्येक घरात पिंप भरलेलं असणार. दर साथीत नगरपालिका-महापालिका भोंगा लावून सांगतात, पाणी साठवू नका. साठवू नका तर मग प्यायचं काय, हे त्या भोंग्याला विचारायला हवं. रोज पाणी आलं तर पिंपं आपोआप रिकामी होतील. गुडघ्याचा आणि पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाचा इतका सरळ संबंध असतो.

बाकीचे थोडक्यात. यूरिक ॲसिडचा आजार, म्हणजे गाऊट, हल्ली फॅशनसारखा सांगितला जातो. रक्तात यूरिक ॲसिड जरा जास्त दिसलं की कुठल्याही दुखण्याला तेच नाव. खरा गाऊट रात्रीतून एखादा सांधा, बहुधा पायाचा अंगठा, लाल आणि चादरही सहन न होण्याइतका दुखरा करतो. तो बहुतांशी पुरुषांना होतो, पाळी चालू असलेल्या बाईला क्वचितच. त्यांनी कलेजी-गुर्दे, तांबडं मांस, दारू आणि गोड सरबतं-कोल्ड्रिंक आवरावी. मधुमेह असलेल्याचा खांदा धरतो, हात मागे नेता येत नाही, तो ‘फ्रोझन शोल्डर’. साखर आणि व्यायाम दोन्ही सांभाळावे लागतात. पंचविशीतल्या पोराची कंबर पहाटे ताठ होते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, तर ती लूमवर उभं राहण्याची दमणूक म्हणून सोडून देऊ नये. मणक्याचा सुजेचा आजार असू शकतो. आणि एकच खुबा किंवा एकच गुडघा हळूहळू सुजत असेल, सायंकाळी ताप, वजन उतरतंय, तर क्षयरोग तपासावाच. क्षय फक्त फुप्फुसांचा नसतो, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

मशिदीत हल्ली खुर्च्यांची एक रांग असते. चांगली गोष्ट आहे. उभं राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढावी, ही सवलत खुद्द पैगंबरांनी दिलेली आहे. नमाज गुडघे खराब करते असं मी म्हणणार नाही. निरोगी सांध्याला पूर्ण वाकण्याची सवय राहते, ती फायद्याचीच. पण झिजलेल्या गुडघ्याने दिवसात सतरा फर्ज रकातींचे चौतीस सजदे करणं आणि प्रत्येक वेळी जमिनीवरून उठणं, हा वेगळा प्रकार आहे. खुर्ची मशिदीत आली, कारण तिथे पुरुष जातात. घरात अम्मीच्या जानमाजशेजारी खुर्ची कुठे आहे? जिचे गुडघे अब्बांपेक्षा जास्त झिजलेत, ती भिंत धरून उठते, आणि खुर्चीवर पढ म्हटलं तर म्हणते, अजून एवढी माजूर नाही झाले. तिला हा मसला कुणी सांगितलेलाच नसतो, कारण जिथे तो सांगितला जातो तिथे ती गेलेली नसते. ज्या इमामसाहेबांना हे पटतं त्यांनी एका जुम्म्याच्या बयानात घरातल्या खुर्चीविषयी बोलावं. मुलगे ऐकतील, आणि आईसाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणतील. त्याच खुर्चीवर ती मांडीचा व्यायामही करेल.

आपल्या चळवळीतल्या काही साथींना वाटेल, आज समाजापुढे नागरिकत्वाचे, कायद्याचे, जीविताचे प्रश्न असताना गुडघ्यांवर इतकं कशाला. मी त्यांना आपल्याच सभा आठवायला सांगेन. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सतरंजीवर तीन तास बैठक. शौचालय एकच, तेही उकिडवं बसायचं. आणि मग अहवालात वाक्य, ‘महिलांची उपस्थिती अपेक्षेपेक्षा कमी होती’. १९६६ मध्ये हमीद दलवाई सात मुस्लिम महिलांना घेऊन तलाकच्या प्रश्नावर मुंबईत मोर्चा काढू शकले. त्या चालत गेल्या होत्या. आज पन्नाशीच्या ज्या बायकांना या लढ्याचा सगळ्यात जास्त अनुभव आहे, त्या खाली रिक्षात बसून राहतात. पुढची सभा तळमजल्यावर आणि खुर्च्यांवर घ्यायला कुठला ठराव लागतो?

काही मागण्या मात्र सरकारदरबारी नेण्यासारख्या आहेत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आली, जी आधी याच्या दुप्पट-तिपटीने लावली जात होती. हे लोकांच्या रेट्यामुळे आणि नियमनामुळे होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं. पण शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी आहे. तिच्या आधीच्या पायऱ्या आपल्या वस्त्यांत नाहीतच. शहरी आरोग्य केंद्रात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट, तीही शक्यतो बाई, बसली तर निम्म्या गोळ्या सुटतील. सांधे सुजलेल्या रुग्णाला सहा आठवड्यांत सांध्यांच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा असा तज्ज्ञ येणं अशक्य नाही. विडी आणि कांडीकामगार बायकांच्या आरोग्य तपासणीत नुसता रक्तदाब न बघता गुडघे, मान, मनगटं बघितली जावीत. कांडीच्या यंत्राची बैठक वीतभर उंच केली तर काय फरक पडतो, हे एखाद्या पॉलिटेक्निकच्या मुलांनी करून बघण्यासारखं आहे.

आणि एक मागणी आपल्यातल्याच लोकांकडे. बहुतेक गावांत ईदगाहचं मैदान वर्षातून दोन सकाळी भरतं आणि उरलेल्या दिवसांत त्याला कुलूप, किंवा तिथे क्रिकेट. भोवती भिंत आहे, मैदान सपाट आहे, ऊन भरपूर आहे. गल्लीत नाही ते सगळं तिथे आहे. सकाळी सात ते साडेआठ ते फक्त बायकांसाठी उघडावं, दाराशी एक बाई राखणदार ठेवावी, कडेने चार बाक टाकावेत. मी हे दोन विश्वस्तांशी बोलले. एक म्हणाले, बघू. दुसऱ्यांनी विचारलं, बायका येतील का? त्यांच्या बेगम शेजारीच बसल्या होत्या. चहाचे कप उचलायला उठताना त्यांनी गुडघ्यावर हात दाबला आणि म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे द्या.